जुनी वही, नवी डिस्क

दिवाळीच्या अमावास्येला पेढ्यापेढ्यांवर चोपडापूजन होते, तेव्हा अलीकडे लाल वहीच्या शेजारी संगणकही मांडलेला दिसतो. त्याच्या माथ्यावर कुंकवाचे स्वस्तिक, बाजूला शुभ-लाभ, एक सुपारी, एक नाणे. वही पूजेला बसते ती कोरी असते. संगणकाचे तसे नाही. त्याच्या पोटात मागल्या आठ-दहा वर्षांची कीर्द, खतावणी, येणे-देणे सगळे तसेच भरलेले असते. लाभपंचमीला व्यवहाराचा पुन्हा आरंभ होतो, तो नंदुरबारात ओल्या लाल मिरचीचा हंगाम भरात येण्याचा काळ. पथारींवर मिरचीचे लाल गालिचे पसरू लागतात, काट्यावर गर्दी होते, शेतकऱ्याला हिशेबपट्टी तिथल्या तिथे हवी असते. आणि नेमका याच दिवसांत पेढीवरचा संगणक रुसतो. सकाळी सुरू करावा, तर चहा होऊन जातो तरी पडदा उजळत नाही.

मग ओळखीच्या तंत्रज्ञ मुलाला निरोप जातो. तो येतो, दोन कळा दाबून पाहतो आणि त्याचे ठरलेले वाक्य उच्चारतो: ‘‘शेठजी, फॉरमॅट मारावा लागेल. नवीन विंडोज टाकून देतो, दीड तासाचं काम.’’ काम खरोखरच दीड तासाचे असते. शेठजी मान डोलावतात, कारण बाहेर गाडी उभी असते. त्या मान डोलावण्यात किती गोष्टींना संमती दिली गेली, हे पुष्कळदा चार दिवसांनी उमगते.

फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्क नव्याने आखून कोरी करणे, आणि विंडोज टाकणे म्हणजे संगणक चालवणारी कार्यप्रणाली तिच्यावर पुन्हा बसवणे. ही दोन कामे निराळी आहेत, पण बाजारात ती एकाच दमात बोलली जातात. यांतले पहिले काम धोक्याचे आहे. एखाद्या जाड पोथीची अनुक्रमणिका फाडून टाकावी आणि पाने तशीच ठेवावीत, तसे झटपट फॉरमॅट करतो. कोणती फाइल कोठे आहे याची नोंद पुसली जाते आणि सगळी जागा मोकळी असल्याचे संगणकाला सांगितले जाते. पाने अजून जागेवर असतात. त्यांच्यावर नवे लिखाण होईपर्यंत जाणकार माणूस ती परत मिळवू शकतो. परंतु लगोलग नवे विंडोज त्याच जागेवर बसवले, की कित्येक पानांवर दुसरी शाई चढते. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट निवडला, तर प्रत्येक जागी शून्ये लिहिली जातात आणि मागे काहीच उरत नाही. नव्या एसएसडी डिस्कचा प्रकार आणखी कठोर आहे. मोकळी झाल्याचे कळताच ती स्वतःहून जुना मजकूर साफ करू लागते. म्हणून चुकून फॉरमॅट झाल्याचे लक्षात आले तर संगणक तत्क्षणी बंद करावा आणि त्या डिस्कवर काहीही नवे लिहू देऊ नये. एरवी धीर धरण्याचा उपदेश सर्वत्र होतो, येथे मात्र घाई हाच उपाय आहे.

व्यापारी घरांत या बाबतीत एक समज घट्ट बसलेला आहे. ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही, फक्त सी कोरा करतो’, असे तंत्रज्ञ सांगतो आणि ऐकणारा निश्चिंत होतो. सी आणि डी या दोन वेगळ्या पेट्या नाहीत. बहुतेक संगणकांत ते एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्कच मेली तर दोन्ही एकदम जातात. विंडोज बसवताना कप्प्यांची यादी समोर येते, तेव्हा तेथे सी आणि डी अशी अक्षरेही दिसत नाहीत. नुसते क्रमांक आणि आकार दिसतात. एक बोट चुकीच्या ओळीवर पडले की झाले. शिवाय जुन्या पद्धतीने आखलेली डिस्क विंडोज ११ साठी नव्या पद्धतीत आणायची असते, तेव्हा संपूर्ण डिस्क कोरी करण्याचा रस्ता तंत्रज्ञाला सर्वांत सोपा वाटतो. अशा वेळी डी ड्राइव्हला हात न लावण्याचे वचन पाळलेच जात नाही.

आणि मुळात जपायचे ते डी मध्ये असते तरी का? डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली, डाउनलोडमध्ये पडलेली बँकेची विवरणे, आउटलुकमधील जुनी पत्रे, हे सारे सी ड्राइव्हच्या आत असते. टॅलीचा माहितीसाठाही, बसवताना कोणी जागा बदलली नसेल तर, बहुधा तेथेच असतो. टॅलीत कंपनी निवडण्याच्या पडद्यावर हा पत्ता दिसतो. तो कागदावर उतरवून घ्यायला अर्धे मिनिट पुरते. त्या जागी पाच किंवा सहा आकडी नावांचे फोल्डर असतात, एकेका कंपनीचे एकेक. पेढीची सारी पुण्याई त्या रूक्ष आकड्यांत असते. एकाच घरातील वडिलांची पेढी, धाकट्या भावाची डाळ मिल आणि घरातल्या सुनेच्या नावाची एजन्सी अशी तीन खाती तीन वेगळ्या ठिकाणी असण्याचा संभव असतो. ती कोठे आहेत हे पुष्कळदा फक्त मुनीमजींना माहीत असते, आणि मुनीमजी त्या दिवशी लग्नाला शहाद्याला गेलेले असतात.

टॅलीची जन्मकथा व्यापारी वाचकांना जवळची वाटेल अशी आहे. गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोएंका यांना आपले हिशेब ठेवण्याजोगे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोएंका यांना, ते बनवायला सांगितले. ही १९८६ ची गोष्ट. वडिलांच्या पेढीसाठी मुलाने केलेली ती वही होती. नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याच्या आदल्याच आठवड्यात, २५ जूनला, विंडोज ९८ बाजारात आले होते. जिल्ह्याचे आणि त्या विंडोजचे वय असे जवळजवळ सारखे. तरीही पुढे बरीच वर्षे येथील अनेक पेढ्यांवर खरी वही लालच राहिली आणि संगणक नकलेपुरता होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हे नाते उलटले. आता संगणकातील नोंद हीच मूळ वही असते आणि कागद हा तिचा छापील उतारा.

कायद्यानेही या बदलाची दखल घेतली आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. २०२२-२३ या वर्षाची ती मुदत ३१ डिसेंबर २०२३ होती, म्हणजे त्या वर्षाच्या नोंदी ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हाताशी असल्या पाहिजेत. अपील चालू असेल तर ते निकाली निघाल्यावर आणखी एक वर्ष धरावे लागते. नियम ५७ तर स्पष्टच सांगतो की, संगणकीय नोंदींची योग्य प्रत राखावी आणि अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी काळात त्या पुन्हा उभ्या करता याव्यात. ‘संगणक फॉरमॅट केला, त्यात गेले’, हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही. पण अधिकाऱ्याची नोटीस ही पुढची गोष्ट झाली. ज्या शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी उचल दिली आणि ज्याच्या मिरचीतून ती वळती करायची आहे, त्याच्यासमोर बसून ‘तुमचाच आकडा सांगा’ असे म्हणण्याची वेळ येते, ती अडत्याला अधिक झोंबते. तीन पिढ्यांचा शब्द त्या आकड्यावर उभा असतो.

जैन समाजाला प्रतीचे महत्त्व कोणी नव्याने शिकवावे असे नाही. मुखोद्गत आगम दुष्काळांच्या काळात विस्मरणात जाऊ लागले, तेव्हा वल्लभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली ते लिपिबद्ध करण्यात आले, अशी श्वेतांबर परंपरा आहे. दिगंबर परंपरेतील षट्खंडागमाची कथा तर आधुनिक काळातली, आणि महाराष्ट्राशी निगडित आहे. या ग्रंथाच्या आणि त्यावरील धवला टीकेच्या ताडपत्री शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथेच होत्या, त्याही जुन्या कन्नड लिपीत. यात्रेकरू दुरून दर्शन घेत आणि परतत. एका आगीने, एका वाळवीने सारे संपले असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे माणिकचंद या व्यापारी गृहस्थांनी नकला करून घेण्याचा ध्यास घेतला, आणि पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून १९३९ पासून हा ग्रंथ सोळा खंडांत छापून काढण्याचे कार्य आरंभिले. एका जागचे ज्ञान हजार घरांत गेले, ते दर्शनाने नव्हे, नकलेने. पेढीवरील एकुलत्या एका हार्ड डिस्कची स्थिती त्या ताडपत्रींसारखीच असते. तिचे दर्शन रोज घडते, पण नक्कल कोणी केलेली नसते.

नक्कल घेण्याची रीत सोपी आहे. टॅलीच्या स्वतःच्या सोयीने बॅकअप घ्यावा, आणि शिवाय ते आकडी फोल्डर जसेच्या तसे बाहेरील डिस्कवर उतरवावेत. बाहेरील म्हणजे वेगळी, तारेने जोडायची. त्याच संगणकाचा दुसरा कप्पा नव्हे. एक प्रत पेढीवर, एक घरी, आणि जमल्यास एक सुरतेला किंवा पुण्याला शिकणाऱ्या मुलाकडे. प्रत घेतल्यावर ती उघडते की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. न उघडणारी प्रत पेन ड्राइव्हची जागा अडवते, एवढेच. फॉरमॅटपूर्वी तेरीज छापून घ्यावी. नव्या विंडोजवर टॅली उघडल्यानंतर तीच तेरीज पुन्हा काढून रोकड शिल्लक, एकूण येणे आणि शेवटच्या पावतीचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावेत. हे ताडणे मुनीमजींनी करायचे आहे, तंत्रज्ञाने नव्हे. त्याला विंडोज कळते, पेढीचे येणे कळत नाही. टॅलीचा परवाना फॉरमॅटपूर्वी रीतसर सोडून द्यावा, म्हणजे नंतर तो पुन्हा सुरू करताना अडचण येत नाही. ब्राउझरने लक्षात ठेवलेले जीएसटी, आयकर आणि ई-वे बिलाचे पासवर्ड डिस्कसोबत जातात. ते आधीच वहीत उतरवून वही तिजोरीत ठेवावी. डिजिटल स्वाक्षरी टोकनमध्ये सुरक्षित राहते, तरी ते टोकन ओळखणारे सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागते. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला हे आठवले तर रात्र जागण्यात जाते.

संघाच्या कार्यालयातील संगणकाला आणखी एक निराळाच आजार जडतो. चातुर्मासाच्या पत्रिका, पाठशाळेतील मुलांच्या याद्या, आयंबिल ओळीच्या नोंदी, देणगीदारांची नावे हे सारे अनेक ठिकाणी श्री-लिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले असते. फाइली जपल्या, फॉन्ट विसरला, तर नवे विंडोज आल्यावर यादी उघडते खरी, पण पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा कचरा दिसतो. माहिती गेलेली नसते, ती वाचण्याची किल्ली गेलेली असते. जुन्या मराठी दप्तरांतील मोडी कागदांची आज जी गत आहे, तीच ही: अक्षर शाबूत, वाचणारा नाही. फॉन्टच्या फाइली आणि त्यांचे मूळ सॉफ्टवेअर प्रतीसोबत जपावे, आणि सवडीने साऱ्या याद्या युनिकोडमध्ये वळवून घ्याव्यात.

सध्या हा विषय अधिक ऐरणीवर आला आहे, कारण विंडोज १० ला मिळणारा कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव सोय ठेवलेली आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक या अटीत बसत नाहीत. तरी ते ‘बसवून देणारे’ बाजारात भेटतात. तसेच ‘क्रॅक’ केलेले फुकट विंडोजही मिळते, आणि अनेकदा त्याच्या सक्रियकरणाच्या युक्तीसोबत विषाणूही घरात येतो. परवाना बहुतेक वेळा संगणकाच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. त्याच यंत्रावर तीच आवृत्ती पुन्हा बसवली आणि इंटरनेट जोडले, की ती आपोआप मान्य होते. मूळ विंडोज मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवता येते. मग चोरीची प्रत कशासाठी? अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणेही मोजलेले आहे. हे पाठशाळेत शिकवले जाते. पेढीवर संगणक आला तेव्हा ते कोणाला फारसे आठवले नाही.

नवे विंडोज ११ काही संगणकांवर डिस्क आपोआप कुलूपबंद करते. त्याची किल्ली ४८ आकड्यांची असते आणि ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला त्या खात्यात जमा होते. ते खाते तंत्रज्ञाने स्वतःच्या ईमेलने उघडले असेल, तर पेढीच्या तिजोरीची किल्ली त्याच्या खिशात राहिली असे समजावे. मुलगा प्रामाणिक असेलही, पण उद्या तो नोकरीसाठी अन्य शहरात गेला तर?

जुना संगणक विकताना किंवा भंगारात देताना हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. तेव्हा माहिती राहू नये अशी इच्छा असते आणि झटपट फॉरमॅटने ती राहतेच. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावी रंजना सोनवणे यांना देण्यात आला. त्यानंतर अडत्याकडे माल आणणाऱ्या शेतकऱ्यांच्या, हमालांच्या, नोकरांच्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती पेढ्यांच्या संगणकांत साचत गेल्या. दुसऱ्याने विश्वासाने दिलेला तो कागद आहे. डिस्क विकण्यापूर्वी विंडोजच्या ‘रीसेट’ सोयीतील सर्व काढून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय वापरावा. त्याला पुष्कळ तास लागू शकतात, म्हणून रात्रभर संगणक यूपीएसवर सोडून द्यावा. डिस्क बिघडलेली असेल तर ती विकूच नये, फोडून टाकावी.

पण या सगळ्याच्या आधी विचारण्याजोगा एक साधा प्रश्न राहून जातो. फॉरमॅट मारायचाच कशाला? संगणक मंद होतो तो बऱ्याचदा विंडोज बिघडले म्हणून नव्हे, फिरणारी जुनी हार्ड डिस्क थकली म्हणून. तिच्यावरच पुन्हा विंडोज बसवले तर आठवडाभर बरे वाटते आणि मग पहिले पाढे पंचावन्न. व्यापाऱ्याने दिवाळीला जुनी वही खोडून त्याच पानांवर नवा हिशेब कधी मांडला नाही. तो नवी वही आणतो, आरंभीची शिल्लक पुढे ओढतो आणि जुनी वही बांधून माळ्यावर ठेवतो. संगणकातही हेच करता येते. नवी एसएसडी आणावी, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि विंडोज नव्या डिस्कवर बसवावे. टॅलीचे फोल्डर जुन्यावरून नव्यावर आणावेत. काही विसरले तर जुनी डिस्क जशीच्या तशी हाताशी आहे. काहीही पुसले गेलेले नाही. खर्च एका साध्या एसएसडीचा, आणि तंत्रज्ञाचा वेळ जवळपास तेवढाच. लॅपटॉपमध्ये डिस्क बदलणे थोडे नाजूक असते आणि काही नव्या यंत्रांत ती बोर्डालाच जडवलेली असते. तेथे मात्र प्रत घेतल्याखेरीज कशालाही हात लावू देऊ नये.

काढलेल्या डिस्कवर कागदाची पट्टी चिकटवून पेढीचे नाव, कोणत्या वर्षांचे हिशेब आणि काढल्याची तारीख लिहावी, आणि ती कोरड्या जागी, चुंबकापासून दूर, शक्य तर वह्यांच्याच कपाटात ठेवावी. बंद डिस्कही न वापरता बिघडू शकते, म्हणून वर्षातून एकदा तारेने जोडून, एखादी फाइल उघडून ती जिवंत असल्याची खात्री करावी. एसएसडी तर विजेविना वर्षानुवर्षे ठेवण्याची वस्तूच नव्हे. या वार्षिक तपासणीला वेगळा दिवस शोधण्याचीही गरज नाही. कार्तिक शुद्ध पंचमीला, लाभपंचमीच्याच दिवशी, ज्ञानपंचमी असते. ज्ञानभांडारांतील पोथ्या त्या दिवशी बाहेर काढायच्या, धूळ झटकायची, कसर लागली का ते पाहायचे आणि नव्या बासनात बांधून परत ठेवायच्या, ही रीत जुनीच आहे. श्रुतपंचमी पाळणाऱ्या घरांना ज्येष्ठ शुद्ध पंचमी आहे. पोथ्या पुन्हा बासनात जाईपर्यंत डिस्कमधील एखाद्या जुन्या वर्षाची तेरीज पडद्यावर उघडून होते.